गाणी तीच, मग एक ‘ग्रेटेस्ट हिट्स’ चांगलं आणि दुसरं वाईट का?

एकाच गायकाची जवळपास तीच वीस गाणी असलेल्या दोन सीडी घ्या. एक लावली की शेवटपर्यंत उठावंसं वाटत नाही. दुसरी चौथ्या-पाचव्या गाण्याला बंद होते, आणि नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही. गळा तोच, चाली त्याच. फरक पडतो तो संकलन करणाऱ्याने घेतलेल्या चार-पाच निर्णयांमुळे: गाणी कुठल्या नियमाने निवडली, त्या गाण्याचं नेमकं कुठलं ध्वनिमुद्रण घेतलं, कशानंतर काय ठेवलं, आणि वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या स्टुडिओत झालेलं काम कानाला एकसंध कसं केलं. कव्हरवर यातलं काहीच दिसत नाही. तिथे फोटो असतो आणि यादी असते.

नियमापासून सुरुवात करू, कारण ‘उत्तम उत्तम गाणी’ हा नियम होत नाही. ती इच्छा झाली. नियम असा हवा की तो वाचून दुसऱ्या कोणी यादी केली, तरी बहुतेक गाणी तीच यावीत.

बीटल्सचं ‘१’ हे नोव्हेंबर २००० मधलं संकलन याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे. ब्रिटन किंवा अमेरिका, एका ठिकाणी तरी पहिल्या क्रमांकावर पोचलेलं सिंगल, म्हणजे अल्बमपासून वेगळी काढलेली एका गाण्याची छोटी रेकॉर्ड, असेल तरच घ्यायचं, एवढाच नियम. २७ गाणी बसली, एका सीडीत, सुमारे ७९ मिनिटांत. आता या नियमाने काय केलं ते बघण्यासारखं आहे. फेब्रुवारी १९६७ मध्ये त्यांची एक छोटी रेकॉर्ड आली होती. एका बाजूला ‘पेनी लेन’, दुसऱ्या बाजूला ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’, आणि दोन्ही बाजूंना मान सारखाच. ब्रिटनमध्ये एंगलबर्ट हम्परडिंकच्या ‘रिलीज मी’ने ती दुसऱ्या क्रमांकावर अडवून धरली. अमेरिकेत दोन बाजूंची गणती वेगवेगळी होत असे. तिथे ‘पेनी लेन’ पहिल्या क्रमांकावर गेली आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ आठव्यापर्यंतच पोचली. त्यामुळे एकाच तबकडीची एक बाजू संकलनात आली आणि दुसरी बाहेर राहिली. ‘प्लीज प्लीज मी’चंही तसंच. १९६३ साली ब्रिटनमध्ये लोकप्रियतेच्या एकाहून जास्त याद्या निघायच्या. ‘एनएमई’ आणि ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकांच्या यादीत ते पहिलं होतं, ‘रेकॉर्ड रिटेलर’च्या यादीत दुसरं. संकलनासाठी शेवटची यादी प्रमाण धरली आणि गाणं गेलं.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ नसलेलं बीटल्सचं संकलन अपुरं आहे, यात शंका नाही. तरीही ते चांगलं संकलन आहे, कारण त्यात काय असेल आणि काय नसेल हे विकत घेणाऱ्याला नावावरूनच कळतं. याच मंडळींची १९७३ साली आलेली दोन संकलनं, ज्यांना लोक लाल आणि निळं म्हणून ओळखतात, वेगळ्या नियमावर उभी आहेत: पहिलं १९६२ ते ६६, दुसरं १९६७ ते ७०. एकात २६ गाणी, दुसऱ्यात २८. त्यात सिंगल म्हणून न निघालेली, फक्त अल्बममध्ये असलेली गाणीही आहेत. म्हणून हा चार तरुणांचा आठ वर्षांतला प्रवास वाटतो, तर ‘१’ हा विजयांचा हिशेब वाटतो. दोन्ही प्रामाणिक आहेत.

बिघडतं ते अर्ध्यावर नियम सोडला की. पहिली दहा गाणी लोकांच्या आवडीची, पुढची चार नुकत्याच आलेल्या आणि फारशा न खपलेल्या अल्बममधली, शेवटी दोन ‘खास नवीन’. असं मिश्रण दिसलं की समजावं, इथे निवड विक्री विभागाने केली आहे. नवीन गाणं घातलं म्हणून संकलन आपोआप वाईट होत नाही, हेही सांगायला हवं. टॉम पेटी या अमेरिकन रॉक गायकाच्या १९९३ च्या संकलनात ‘मेरी जेन्स लास्ट डान्स’ हे नवं गाणं होतं आणि ते त्याच्या सर्वांत लोकप्रिय गाण्यांपैकी एक ठरलं. प्रश्न एवढाच असतो की ते गाणं दहा वर्षांनी निघालेल्या संकलनातही आपल्या हिमतीवर जागा मिळवेल का.

संख्येबद्दल एक गोष्ट. ईगल्स या अमेरिकन बँडच्या फेब्रुवारी १९७६ च्या संकलनात फक्त दहा गाणी आहेत, चार अल्बममधून घेतलेली, सगळी मिळून ४३ मिनिटं. त्यातली नऊ सिंगल म्हणून आलेली आणि ‘डेस्पराडो’ हे एक कधीच सिंगल म्हणून न आलेलं. अमेरिकेत दहा लाखांच्या खपासाठीचा ‘प्लॅटिनम’ हा किताब मिळालेला तो पहिला अल्बम, आणि २०१८ साली त्याची नोंद ३८ पट प्लॅटिनम अशी झाली. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ त्यात नाही, कारण तो अल्बमच त्या वर्षीच्या डिसेंबरात आला. दहा गाण्यांत भरतीला जागाच नसते. सीडी आल्यावर ७४ आणि नंतर ८० मिनिटं हाताशी आली, आणि मोकळी जागा भरायचीच या हौसेपायी बरीच संकलनं सैल झाली. आता स्ट्रीमिंगवर तर मर्यादाच उरलेली नाही, ‘१०० सुपरहिट’ सहज मिळतं. शंभर गाण्यांची यादी हा साठा झाला; एका बैठकीत ऐकण्याची वस्तू ती नाही.

चांगल्या संकलनाचा धोका

जमैकाचा रेगे गायक बॉब मार्ले याचं ‘लेजंड’ जरा सावकाश बघू. उत्कृष्ट संकलन माणसाचं चित्र कसं बदलून टाकतं, हे त्यात दिसतं.

मार्ले मे १९८१ मध्ये गेला. मे १९८४ मध्ये हे संकलन आलं. १४ गाणी. निवड केली डेव्ह रॉबिन्सनने. तो तेव्हा आयलंड या मार्लेच्या रेकॉर्ड कंपनीचं काम बघत होता, आणि ज्यांनी रेगे कधी ऐकलेलं नाही अशा गोऱ्या श्रोत्यांपर्यंत पोचायचं हे त्याने मनाशी ठरवलं होतं. यादी घेऊन कुठलं गाणं कुठल्या अल्बममधून आलं ते मांडून बघा. एकट्या ‘एक्झोडस’ (१९७७) मधून पाच गाणी. ‘काया’ (१९७८) मधून दोन. ‘रास्तामान व्हायब्रेशन’ (१९७६) मधून एकही नाही. ‘सर्व्हायव्हल’ (१९७९) मधूनही एकही नाही. ‘सर्व्हायव्हल’ हा त्याचा सर्वांत उघड राजकीय अल्बम, आफ्रिकेच्या मुक्तीबद्दलचा. त्यातलं ‘झिंबाब्वे’ हे गाणं त्याने एप्रिल १९८० मध्ये त्या देशाच्या स्वातंत्र्यसोहळ्यात तिथे जाऊन गायलं. हे सगळं ‘लेजंड’मध्ये नाही. आहे तो प्रेमाचा, दिलाशाचा, समुद्रकिनाऱ्यावर लावायचा मार्ले. ‘गेट अप, स्टँड अप’ आणि ‘रिडेम्प्शन साँग’ आहेत, पण इतक्या मवाळ शेजारात त्यांची धार कमी जाणवते.

कारागिरी मात्र उच्च दर्जाची आहे. ‘नो वूमन, नो क्राय’चंच बघा. १९७४ च्या अल्बममधली स्टुडिओतली आवृत्ती हाताशी होती. ती न घेता लंडनच्या लायसियम थिएटरात जुलै १९७५ मध्ये झालेल्या मैफलीतली घेतली, जिच्यात प्रेक्षक ध्रुवपद उचलून धरतात. लोकांच्या मनात तेच गाणं होतं. अशी निवड करायला दोन्ही आवृत्त्या पुन्हा पुन्हा ऐकाव्या लागतात. कोट्यवधी घरांत मार्लेची ओळख म्हणजे ही चौदा गाणी, आणि बऱ्याच जणांसाठी ओळख तिथेच संपते. संकलन करणारा काय वगळतो त्यावर एखाद्या कलावंताची पुढच्या पिढ्यांतली प्रतिमा ठरते. तेवढी जबाबदारी त्याच्यावर असते.

गाणं यादीत का नाही? आधी मालकी बघा

‘इतकं गाजलेलं गाणं कसं विसरले?’ असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा कोणी विसरलेलं नसतं. त्या ध्वनिमुद्रणाची मालकी दुसऱ्या कंपनीकडे असते.

हिंदी चित्रपटगीतांत हे फार ठळक दिसतं. जुनी बहुसंख्य गाणी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाकडे, म्हणजे एचएमव्हीकडे, जी २००० पासून सारेगामा म्हणून ओळखली जाते. पण सत्तरच्या दशकात पॉलिडोर हा दुसरा मोठा खेळाडू होता. ‘शोले’ (१९७५), ‘डॉन’ (१९७८), ‘कुर्बानी’ (१९८०) यांच्या रेकॉर्डी पॉलिडोरच्या होत्या आणि तो साठा पुढे युनिव्हर्सलकडे गेला. ऐंशीनंतर टी-सिरीज, व्हीनस, टिप्स आल्या आणि मालकी आणखी वाटली गेली. त्यामुळे एकाच कंपनीने आपल्या साठ्यातून केलेल्या राहुलदेव बर्मन यांच्या संकलनात ‘शोले’ नसणं, किंवा किशोरकुमारच्या संकलनात ‘डॉन’ नसणं, यात नवल नाही. कंपन्यांनी एकमेकांकडून परवाना घेतला तरच सर्वंकष संकलन होतं, आणि परवान्याला पैसे लागतात.

एबीबीए (आबा) या स्वीडिश पॉप बँडचं ‘एबीबीए गोल्ड’ झालं तेही मालकी एका हातात आल्यामुळे. पॉलिग्रामने एबीबीएची पोलार कंपनी घेतली आणि सप्टेंबर १९९२ मध्ये हे एक नीट संकलन आणलं: एकोणीस गाणी, एका सीडीत.

मराठीत याला एक वेगळी किनार आहे. आपल्याकडचं मोलाचं बरंचसं संगीत रेकॉर्ड कंपन्यांनी मुद्रित केलंच नाही. ते आकाशवाणीवर झालं आणि तिच्याच संग्रहात राहिलं. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये वर्षभर झालं, ५६ गीतं, वेगवेगळ्या गायक-गायिकांच्या आवाजात. घरोघरी जे पोचलं ते मात्र सुधीर फडके यांनी एकट्याने गायलेलं, एचएमव्हीच्या रेकॉर्डींवरचं. दोन्हींचं मोल मोठं आहे, पण ती दोन वेगळी ध्वनिमुद्रणं आहेत. शिवाय त्यातली ‘निवडक’ दहा-बारा गाणी काढून केलेलं संकलन एका गोष्टीचे सुटे दुवे हातात देतं. क्रमाने सांगितलेल्या कथेतून हिट्स काढायचे झाले, तर निदान ती गाणी कथेच्या क्रमाने तरी यायला हवीत.

कुठलं ध्वनिमुद्रण?

एका गाण्याची चार ध्वनिमुद्रणं सहज असतात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास मावायचं. म्हणून रेकॉर्डवर दोन अंतरे आणि चित्रपटात तीन, असं खूप गाण्यांत आहे. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत पाऊण तास रंगणारं नाट्यपद रेकॉर्डवर तेवढ्याच तीन-सव्वातीन मिनिटांत आवळलेलं असतं. मग पुढे एलपीसाठी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या रेकॉर्डसाठी, पुन्हा गायलेलं, आणि मैफलीतलं. संकलनावर यातलं कुठलं ते लिहिलेलं असावं. बहुधा नसतं.

चित्रपटातली लांब आवृत्ती मिळवण्यासाठी काही जण सिनेमाच्या डीव्हीडीवरूनच आवाज उचलतात. इथे एक तांत्रिक खड्डा आहे. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते. भारतात टीव्हीसाठी वापरली गेलेली पॅल पद्धत २५ ची. डीव्हीडी करताना सिनेमा थोडा जलद चालवून हा फरक भरून काढला, तर सगळं चार टक्क्यांनी वेगवान होतं. चार मिनिटांचं गाणं तीन मिनिटं पन्नास सेकंदांत संपतं, आणि सूर जवळपास पाऊण पट्टी चढतो. गायिकेचा आवाज किंचित कोवळा, किंचित घाईचा वाटतो. हार्मोनियम घेऊन साथ करायला बसलात की लगेच कळतं: गाणं कुठल्याच पट्टीत बसत नाही, दोन पट्ट्यांच्या मधे लटकतं.

दुसरी अडचण नव्याने गायलेल्या आवृत्त्यांची. परदेशात पन्नास-साठच्या दशकातल्या गायकांनी उतारवयात आपलीच गाणी दुसऱ्या कंपनीसाठी पुन्हा गायली आणि ती ‘मूळ कलावंत’ अशा शब्दांत विकली गेली. कलावंत मूळचा, पण ध्वनिमुद्रण तीस वर्षांनंतरचं. द पोलीस या बँडच्या १९८६ च्या संकलनात तर ‘डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी’चं मूळ गाणं काढून त्याच वर्षी केलेली नवी आवृत्ती घातली होती. लोकांना हवं होतं ते १९८० चं. १९९५ च्या आवृत्तीत दोन्ही दिली गेली. मॅडोनाच्या १९९० च्या संकलनात १७ गाणी ७३ मिनिटांत बसवताना काही कापली, बहुतेकांवर क्यूसाउंड नावाची नवी प्रक्रिया केली, काहींचं मिश्रण बदललं. निवड उत्तम आहे, क्रम उत्तम आहे. पण मूळ सिंगल जसं होतं तसं ऐकायचं असेल तर हे संकलन पुरत नाही.

आपल्याकडे ‘व्हर्जन’ गाण्यांचा काळ होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ठरावीक रॉयल्टी भरून जुनं गाणं दुसऱ्या गळ्यातून नव्याने मुद्रित करण्याची सोय होती, आणि ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटींवर अशी गाणी घरोघरी गेली. कव्हरवर मूळ सिनेमाचं नाव मोठं, नव्या गायकाचं नाव बारीक. २०१२ च्या दुरुस्तीनंतर नियम कडक झाले: मूळ गाणं निघाल्यानंतर पाच वर्षं थांबायचं, किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आधी भरायची, आणि ही नवी आवृत्ती आहे हे कव्हरवर सांगायचं. स्ट्रीमिंगवर मात्र त्या काळातल्या आवृत्त्या मूळ गाण्यांच्या शेजारीच बसलेल्या आहेत. दहा सेकंद मुखडा ऐकून घेणं हाच खरा उपाय.

याच घरातला तिसरा प्रकार म्हणजे ‘झंकार’. मूळ मोनो गाण्यावर वरून इलेक्ट्रॉनिक ढोलकी-ड्रम चढवलेले. गाण्यातला तबला एका लयीत श्वास घेत असतो, किंचित मागेपुढे होतो. यंत्राचा ठेका तसा होत नाही. मग दोन लयी एकमेकींवर घासत राहतात. जुन्या मोनोचं खोटं स्टिरिओ हा त्याचाच भाऊ. एका कानात खर्ज कापायचा, दुसऱ्या कानात वरचे सूर कापायचे, एक बाजू किंचित उशिरा सोडायची. हेडफोन लावून ऐका: गायिका मधोमध उभी असण्याऐवजी डोक्याच्या आजूबाजूला पसरलेली वाटली, तर हेच केलेलं असतं. शुद्ध मोनो दोन्ही कानांत अगदी सारखं, अगदी मधे ऐकू येतं.

क्रम

वर्षांच्या क्रमाने लावायचं की ऐकण्याच्या? वर्षांच्या क्रमाने कलावंताची वाढ दिसते, पण बहुतेकांची सुरुवातीची गाणी कच्ची असतात आणि शेवटची थकलेली, त्यामुळे संकलन मधेच फुगतं आणि टोकांना पडतं. ‘एबीबीए गोल्ड’ने वर्षं बाजूला ठेवली. १९७६ चं ‘डान्सिंग क्वीन’ पहिलं, आणि ज्या ‘वॉटर्लू’ने १९७४ साली त्यांना जगासमोर आणलं ते सगळ्यात शेवटी.

क्वीन या ब्रिटिश बँडच्या ऑक्टोबर १९८१ च्या संकलनात ब्रिटनमध्ये १७ गाणी होती. सुरुवात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने, म्हणजे सर्वांत मोठा पत्ता पहिल्याच हाताला टाकलेला. शेवट ‘वी विल रॉक यू’ आणि लगेच ‘वी आर द चॅम्पियन्स’ असा. ही दोन गाणी १९७७ च्या मूळ अल्बममध्येही लागोपाठच येतात. लोकांच्या कानात ती जोडगोळी आहे, एकामागे दुसरं आलं नाही तर पाय अडखळतो. संकलन करणाऱ्याने ती जोडी तोडली नाही. ब्रिटनमध्ये आजवर सर्वाधिक खपलेला हाच अल्बम, २०२२ मध्ये ७० लाखांच्या पुढे गेलेला. अमेरिकेतल्या त्याच नावाच्या रेकॉर्डवर मात्र यादी वेगळी होती, म्हणून नुसतं नाव बघून घेऊ नये.

एलपीच्या काळात क्रमावर भौतिकशास्त्राचंही बंधन असे. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, कडेला असो की मध्याजवळ. पण कडेच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच सरकते आणि आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोरायचा. ‘स’, ‘श’ आणि झांजा तिथे फाटतात. म्हणून बाजूच्या शेवटी शांत, मऊ गाणं ठेवायची रीत होती. आणि एका बाजूला २२ मिनिटांच्या वर गेलात तर खाचा दाटीने कोराव्या लागतात, आवाजाची पातळी खाली येते. जुन्या यादीचा क्रम सीडीवर तसाच ठेवला की सहावं गाणं विनाकारण मंद वाटतं, कारण ते कधीकाळी बाजूचा शेवट होतं.

मराठी कानाला क्रमाची आणखी एक जाण उपजत असते: भैरवी. मैफल भैरवीने संपते. नाट्यगीतांच्या संकलनात तिसऱ्याच जागी भैरवीतलं पद आलं की मन उठून चप्पल शोधायला लागतं, आणि पुढे सतरा गाणी उरलेली असतात. पट्ट्यांचंही तसंच. काळी एकमधलं गाणं संपून लगेच पांढरी दोनमधलं सुरू झालं, तर दुसरं गाणं बेसूर असल्याचा भास होतो, कारण आधीचा षड्ज कानात घुमत असतो. उपाय साधा आहे: एकतर मधे दुसऱ्या पट्टीचं गाणं घाला, नाहीतर शांतता वाढवा. नेहमीचे दोन सेकंद इथे पुरत नाहीत, चार लागतात. विरत जाणाऱ्या शेवटानंतर एक सेकंदही पुरतो. सगळीकडे सारखंच अंतर असेल, तर ते यंत्राने घातलेलं आहे हे ओळखावं.

एकसंध आवाज

१९५२ चं ७८ रेकॉर्डवरून घेतलेलं गाणं, १९६४ चं मोनो टेपवरचं आणि १९७८ चं स्टिरिओ, ही तिन्ही लागोपाठ ऐकवायची आहेत. यंत्रावरची पातळी सारखी केली म्हणजे काम झालं, असं नाही. १९७८ च्या गाण्यात तीस वाद्यं आहेत आणि १९५२ च्या गाण्यात पाच. मीटरवर दोन्ही सारखी दिसली तरी पाच वाद्यांच्या गाण्यातली गायिका एकदम अंगावर येते. जाणकार गळ्याची पातळी जुळवतात, वाद्यांना जिथे जायचं तिथे जाऊ देतात. प्रत्येक गाण्याच्या मधली तीस सेकंदं काढून एकामागोमाग एक ऐकायची आणि आवाजाच्या बटनाकडे हात गेला की तिथे थांबायचं, ही जुनी आणि अजूनही सर्वांत भरवशाची पद्धत आहे.

नव्वदच्या दशकापासून सगळं शक्य तितकं मोठं करण्याची शर्यत लागली. हळू भाग वर ओढायचा, शिखरं छाटायची. पहिली दोन गाणी जोरकस वाटतात, सहाव्याला कान शिणतो. स्ट्रीमिंगवर याचा फायदाही राहिलेला नाही, कारण तिथे सगळ्यांचा आवाज एका ठरावीक पातळीवर आणला जातो. स्पॉटिफायवर ती साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आहे. छाटलेलं गाणं खाली ओढलं जातं आणि छाटलेलंच राहतं.

खरखर काढण्यात तर जास्तीत जास्त नुकसान होतं. टेपची सळसळ ज्या वरच्या पट्ट्यात असते, तिथेच तानपुऱ्याची जवारी असते, श्वास असतो, ‘श’ची किनार असते. सळसळ पूर्ण काढली की गाणं पाण्याखालून आल्यासारखं लागतं. तपासायची जागा म्हणजे गाण्याचे शेवटचे पाच सेकंद. स्वर विरत असताना सळसळही त्याच्याबरोबर विरायला हवी. स्वर अजून हवेत असताना मागे एकदम मुकी शांतता पसरली, तर सफाई जास्त झाली आहे.

७८ च्या रेकॉर्डींना दोन गोष्टी लागतात. सुईचं टोक सुमारे ०.०७५ मिलिमीटरचं हवं, एलपीची ०.०२५ ची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी, कचऱ्यात घासत जाते. आणि वेग कानाने जुळवायला हवा, कारण नाव ७८ असलं तरी सगळ्या जुन्या रेकॉर्डी नेमक्या त्या वेगाने कोरलेल्या नसत. दोन फेऱ्यांचा फरक, म्हणजे ७८ च्या जागी ८०, झाला तरी सूर जवळपास अर्धी पट्टी चढतो. बालगंधर्वांच्या किंवा त्यांच्या काळातल्या कोणाच्याही गाण्यांचं संकलन घेताना दोन-तीन गाण्यांचा षड्ज हार्मोनियमवर लावून बघा. एक काळी एकमध्ये नीट बसतं आणि पुढचं दोन पट्ट्यांच्या मधे राहतं, तर वेग जुळवायचे कष्ट कोणी घेतलेले नाहीत.

स्वतः संकलन करायचं असेल तर

घरच्या एकसष्टीसाठी किंवा गाडीत ऐकायला म्हणून वीस गाणी निवडणारे खूप असतात, आणि वरचं सगळं तिथेही लागू पडतं. आधी एका वाक्यात नियम लिहा: ‘या गायिकेची १९६० ते ७० मधली मराठी भावगीतं’ इतका नेमका. मग चाळीस गाण्यांची कच्ची यादी करा आणि प्रत्येकापुढे कवी, संगीतकार, वर्ष आणि कुठून घेतलं ते लिहा. एकाच संगीतकाराची सात गाणी सापडली, तर ते तुम्हाला ठाऊक तरी असेल. प्रत्येकाच्या मिळतील त्या आवृत्त्या ऐकून एक ठरवा. सोळा गाणी, साधारण तासाभराची, पुरतात. क्रम लावून एकदा काहीही काम न करता सलग ऐका, आणि मन जिथे भरकटतं ते गाणं काढा, कितीही लाडकं असलं तरी.

ॲपवर ऐकवणार असाल तर गाणी एकमेकांत मिसळणारा ‘क्रॉसफेड’ बंद ठेवा, नाहीतर जपून ठेवलेले शेवट खाल्ले जातात. पेन ड्राइव्हवर घालणार असाल तर फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे दोन अंकी आकडे द्या. नुसते १, २ दिले तर गाड्यांमधले बरेच प्लेअर १ नंतर १०, ११ वाजवतात आणि २ सोळानंतर येतं. सोबत एक कागद द्या, त्यावर गायकाइतक्याच मोठ्या अक्षरात कवीचं आणि संगीतकाराचं नाव. भावगीतांच्या कित्येक छापील कव्हरांवर कवीचं नाव नसतंच, आणि ज्या घरात ती कॅसेट वाजत राहिली तिथे गाणं कोणी लिहिलं हे कुणाला कळलंच नाही.